दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला ब्रेक: कोणते घ्यायचे, कसे बसवायचे

गावाकडे उसाच्या ट्रॉलीला ब्रेक नसतो, हे बघतच आपल्यातले बरेच जण मोठे झाले. चढावर ट्रॅक्टर थांबला की मागच्या पोराने उडी मारून चाकाला उटी लावायची, तोच ब्रेक. इथे अमेरिकेत हायवेला ताशी साठ मैलांनी ट्रेलर ओढताना उटी लावायला कोण उतरणार?

मी ट्रेलर घेतला तो वापरलेला, ७,००० पौंडांचा, दोन अ‍ॅक्सलचा (अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं धरणारा आडवा दांडा). विकणारा म्हणाला, ब्रेक आहेत. होते, पण पुढच्या अ‍ॅक्सलला. मागची दोन चाकं नुसती फिरायची. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगदा ओलांडला की सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्क्यांपर्यंत उतार आहे. तिथे दगडी फरशा भरून उतरताना माझ्या पिकअपच्या चाकांतून करपल्याचा वास आला. बोरघाटात ट्रकवाले इंजिनावर गाडी उतरवतात तसा खालच्या गिअरवर कसाबसा उतरलो आणि घरी येऊन मागच्या अ‍ॅक्सललाही ब्रेक बसवायचं ठरवलं.

कोणते घ्यायचे?

आधी ट्रेलरच्या दांड्यावरची पाटी वाचा. कायदा बघतो तो भरलेल्या ट्रेलरचं वजन. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात १,५०० च्या वर, टेक्सासमध्ये ४,५०० च्या वर. माझं मत विचाराल तर दोन अ‍ॅक्सल असतील तर चारही चाकांना ब्रेक हवेत, राज्य कुठलंही असो. एकाच अ‍ॅक्सलवर सगळा भार टाकला की रिकामा ट्रेलर असताना ती चाकं लॉक होऊन घसरतात आणि भरलेला असताना तेच ब्रेक कमी पडतात.

ट्रेलर पाण्यात उतरवायचा असेल, म्हणजे बोटीचा असेल, तर हायड्रॉलिक डिस्क घ्या. गाडी हळू झाली की मागून ट्रेलरचा जो रेटा येतो, त्यावरच ते ब्रेक दाबले जातात; वायरिंगचं काम फार नसतं. बाकी सामान, गाडी, कॅम्पर ओढणाऱ्यांनी सरळ इलेक्ट्रिक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रममध्ये विजेवर चालणारे ब्रेक, घ्यावेत. ते स्वस्त पडतात आणि त्यांचे पार्ट कुठेही मिळतात.

साइझ अ‍ॅक्सलवरून ठरते. ३,५०० पौंडांच्या अ‍ॅक्सलला १० इंच व्यासाचे, सव्वादोन इंच रुंदीचे ब्रेक बसतात आणि ते चार बोल्टवर धरतात. ५,२०० ते ७,००० पौंडांच्या अ‍ॅक्सलला १२ इंची, दोन इंच रुंदीचे, पाच बोल्टचे. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी एक चाक काढून हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या, मागे बघा. अ‍ॅक्सलला बोल्टांची भोकं असलेली चौकोनी पट्टी वेल्ड केलेली असेल तर काम सोपं. नसेल तर ती घरी वेल्ड करायच्या भानगडीत पडू नका. पट्टी जराशी तिरकी बसली तर ड्रम कधीच सरळ फिरत नाही. त्यापेक्षा ब्रेकसकट नवा अ‍ॅक्सल परवडतो.

हे ब्रेक चालतात कसे?

वायरिंगमध्ये बहुतेकांची फसगत होते, म्हणून हे आधी समजून घ्या. ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानदार तुकड्यांना शू म्हणतात. आतलं मॅग्नेट शूला थेट ढकलत नाही. करंट आला की ते फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या सपाट भागाला चिकटतं, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, त्या ओढीने एक दांडी फिरते आणि ती दोन्ही शू बाहेर ढकलते. करंट कमी तर चिकटणं कमी, आणि चिकटणं कमी तर ब्रेक कमी. बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं.

बसवायचे कसे?

ट्रेलर सपाट काँक्रीटवर घ्या, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्हीकडून उटी लावा, जॅकने उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. चाक काढा, ग्रीसची टोपी काढा, कॉटर पिन आणि नट काढून हब ओढून घ्या. जुना हब आता लागणार नाही, कारण त्याच्या जागी ड्रमसकट नवा हब येतो. चाकाच्या बोल्टांचं माप तेवढं आधी जुळवून बघा. ३,५०० च्या अ‍ॅक्सलला बहुतेक वेळा साडेचार इंचांच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात.

आता ब्रेकची प्लेट. डावी-उजवी वेगळी येते. डावी म्हणजे इथल्या ड्रायव्हरची बाजू. हे सांगावं लागतं, कारण आपल्या डोक्यात ड्रायव्हर उजवीकडे असतो आणि माझी पहिली जोडी याच सवयीने उलटी बसली. खूण साधी आहे. दोन शूंपैकी ज्याचं लायनिंग (ड्रमला घासणारा थर) आखूड, तो पुढे, म्हणजे गाडीच्या दिशेला. अ‍ॅडजस्टरचं भोक खाली. सगळे नट समान आवळा.

बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन दाबून भरा, दुसऱ्या बाजूने रोलरच्या फटींतून वर येईपर्यंत. सील नवंच वापरा. लायनिंगला आणि ड्रमला ग्रीसचं बोटही लागता कामा नये. लागलं तर ब्रेक क्लीनरने पुसा. हब चढवून तो फिरवत फिरवत मधला नट साधारण ५० फूट-पौंडांनी आवळा, मग हब न हलवता नट पूर्ण सैल करा आणि हाताने टेकेल एवढाच आवळून पिन घाला. पान्याने आवळून तसाच सोडलात तर बेअरिंग तापून जळेल.

वायरिंग

प्रत्येक मॅग्नेटमधून दोन तारा निघतात. दोन्ही सारख्याच असतात, उलटसुलट चालतं. एक, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधल्या निळ्या तारेला, दुसरी पांढऱ्या अर्थला. चारही मॅग्नेट समांतर जोडा.

तार किमान १२ गेजची घ्या. गेजचा आकडा लहान तशी तार जाड, हे लक्षात असू द्या. माझ्या ट्रेलरमध्ये आधीच्या मालकाने दिव्यांसाठीची १६ गेजची बारीक तार ब्रेकला वापरली होती. तार अ‍ॅक्सलच्या नळीतून ओढलेली असेल तर तीही बाहेरून घ्या. आत ती हलत राहते, घासते आणि एक दिवस उघडी पडते. अर्थ प्लगपर्यंत वेगळ्या तारेने न्या. हुकच्या गोळ्यातून करंट परत जाईल या आशेवर राहू नका. जोड दाबून लावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

मग मीटर लावा. ट्रेलरच्या निळ्या तारेत अ‍ॅमीटर घालून १२ व्होल्टच्या बॅटरीतून थेट करंट द्या. एक मॅग्नेट सुमारे ३ अँपिअर घेतं, म्हणजे चारांचे १२ दिसायला हवेत. ९ दिसले तर एक चाक बंद. ६ दिसले तर बहुतेक एक अख्खा अ‍ॅक्सल जोडलेला नाही. मधलेच आकडे दिसले तर अर्थ किंवा तार तपासा. एवढ्याच साध्या तपासणीने मला एक सुटलेला जोड सापडला, नाहीतर तो उतारावर कळला असता.

ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारा स्विच आणि त्याची छोटी बॅटरीही जोडा. त्या स्विचची दोरी गाडीच्या चेसिसला अडकवा, साखळीला किंवा हुकला नव्हे. तपासताना आधी प्लग काढा आणि मग स्विचची पिन ओढा, नाहीतर ट्रेलरच्या ब्रेकना करंट देणारा गाडीतला कंट्रोलर खराब होऊ शकतो.

अ‍ॅडजस्ट करा आणि रस्त्यावर काढा

प्लेटमागच्या फटीतून अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवा. ट्रेलरचं चाक हाताने फिरवणं अवघड होईपर्यंत घट्ट करा, मग जेमतेम घासल्याचा आवाज येत ते फिरेल एवढं सैल करा. कान लावला तर कोरड्या फरशीवर केरसुणी ओढल्यासारखा आवाज येतो, तेवढाच हवा.

गाडीतला कंट्रोलर गाडी किती जोरात हळू होते ते ओळखून त्या प्रमाणात करंट देणारा घ्या. ठरावीक वेळेने करंट वाढवणारा स्वस्त मिळतो, पण उतारावर तो वैताग आणतो. ट्रेलर उभा असताना हाताने कंट्रोलर दाबला की चाकांतून बारीक गुणगुण ऐकू येते. मग सपाट, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर ताशी २५ मैलांनी जाताना तो हाताने दाबा. चाकं लॉक होईपर्यंत ताकद वाढवा आणि तिथून थोडी कमी करा. ट्रेलर भरला की हे पुन्हा करावं लागतं.

नवे ब्रेक पहिल्या दिवशी कमजोर वाटतील. ट्रेलरच्या ब्रेकने वेग ताशी ४० मैलांवरून २० वर असा वीसेक वेळा आणा, मध्ये मध्ये गार होऊ द्या, म्हणजे मॅग्नेट आणि लायनिंग ड्रमला बसतात. चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा आवळा. पहिल्या २०० मैलांनंतर दातेरी चाक परत एकदा अ‍ॅडजस्ट करा. माझ्या ट्रेलरला मागच्या दोन चाकांवर चार-पाच दाते लागले.