मुलं अठरा ओलांडलेली असताना फॅमिली व्हिसाची तयारी

बेळगावात लग्न होईपर्यंत पोर ते पोरच. व्हिसावाले मात्र जन्मतारीख बघतात, तेव्हा कागद गोळा करण्याआधी कॅलेंडर काढा. कॅनडाच्या पीआरसाठी (तिथं कायमचं राहायचा परवाना) मूल २२ च्या आतलं आणि अविवाहित हवं. पूर्ण अर्ज पोचतो त्या दिवशीचं वय धरतात, नंतर बावीस उलटले तरी चालतं. (२०१४ ते २०१७ मध्ये ही मर्यादा १९ होती, तेव्हाचा सल्ला आजही छातीठोकपणे देणारे भेटतात.) ऑस्ट्रेलियात २३ च्या आत, पण अठरानंतर मूल तुमच्यावर अवलंबून आहे हे सिद्ध करावं लागतं, त्यासाठी ४७ए हा वेगळा फॉर्म. या वयांपुढे अपंगत्व किंवा आजारामुळे स्वतःच्या पायावर उभं राहता येत नसेल तरच वाट असते. दुबईला मुलगा २५ पर्यंत, अविवाहित मुलीला वयाची अटच नाही.

ऑस्ट्रेलियाच्या फाईलमध्ये आपली घाई नडते ती साखरपुड्याची. तिथं साखरपुडा झालेली मुलगी अवलंबित धरत नाहीत. कॅनडाला साखरपुड्याचं काही नाही, पण तिकडे उतरून पीआर होईपर्यंत लग्न लावू नका, मुहूर्त कितीही चांगला असो.

अवलंबित्व म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा कोणाच्या पैशावर चालतो हा प्रश्न. मेसचे पैसे शनिवारी रोख हातात ठेवायची सवय आजच मोडा; फी, भाडं, खर्च सगळं बापाच्या किंवा आईच्या खात्यातून जाऊ दे. कॉलेजचं बोनाफाईड दर वर्षाचं ठेवा. पोरगा पुण्यात नोकरीला लागून स्वतःचं भाडं भरत असेल, तर ऑस्ट्रेलियासाठी त्याचं नाव घालण्याआधी दोनदा विचार करा.

आता आपल्या सीमाभागाचं खास दुखणं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्मदाखला चंदगड किंवा गडहिंग्लजचा, मराठीत. बाकीचे दाखले नाडकचेरीचे (कर्नाटकातलं महसूल कार्यालय), कन्नडमध्ये. दोन्हींचं इंग्रजी भाषांतर प्रतिज्ञापत्रासह करून घ्या. दुबईसाठी राज्याचा शिक्का घ्यायचा तर ज्या राज्यानं दाखला दिला त्याचाच लागतो. आमच्या धाकटीचा महाराष्ट्रातला दाखला घेऊन आम्ही बेंगळूरला गेलो आणि हात हलवत परत आलो, काम मुंबईचं होतं. मार्क्सकार्डवर आडनावाच्या जागी नुसतं इनिशियल, पासपोर्टवर पूर्ण नाव, असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडा. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजी कागदांवर बेळगावचं स्पेलिंगही बदललंय, तेही त्यातच लिहा.

आणि जो मुलगा सोबत जाणार नाही त्याचंही नाव कॅनडाच्या फॉर्ममध्ये भरा, मेडिकलही करून घ्या. नाव लपवलं तर पुढे त्याला स्पॉन्सर करायची वाट सहसा बंद होते.