दीर्घकालीन शुश्रूषा रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना

दीर्घकालीन शुश्रूषा देणाऱ्या रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या स्पीच थेरपिस्टने, सुरुवातीलाच हे गृहीत धरावे की येथे त्याचा अधिक वेळ बोलण्यापेक्षा गिळण्याच्या तक्रारींवर जाणार आहे. पक्षाघात, डोक्याला मार, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, किंवा आयसीयूतून गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला छिद्र करून बसवलेली) नळी घेऊन आलेले रुग्ण येथे महिनोन् महिने राहतात, आणि कोल्हापुरात तर ते शहराइतकेच गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, घाटाखालचा सिंधुदुर्ग आणि सीमेपलीकडचे निपाणी येथूनही येतात. थेरपिस्ट अशा रुग्णाजवळ दिवसातून फार तर अर्धा तास असतो. उरलेल्या वेळी त्याला भरवणाऱ्या, पाणी पाजणाऱ्या, कूस बदलणाऱ्या मावशी, ब्रदर आणि घरचे लोक असतात. त्यामुळे आपली सूचना रात्री आठच्या जेवणालाही पाळली जाईल अशी व्यवस्था लावणे, हेच या नोकरीतले सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

पात्रतेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची, एका वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षांची पदवी आणि 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक आहे. प्रशिक्षणात लहान मुलांचे बोलणे आणि श्रवणदोष यांचा सराव पुष्कळ होतो, परंतु प्रौढांच्या गिळण्याचा त्या मानाने कमी होतो. या क्षेत्रात यायचे असेल त्याने इंटर्नशिपमध्येच मेंदूविकार आणि कान-नाक-घसा विभागात मुद्दाम जास्त दिवस मागून घ्यावेत.

नवीन रुग्णाची तपासणी केसपेपरपासून सुरू करावी. वारंवार येणारा ताप, छातीचे पूर्वीचे संसर्ग, घटलेले वजन आणि चालू औषधे यांतून धोका किती आहे याचा अंदाज येतो. त्यानंतर खाऊ घालण्याची घाई न करता टॉर्च घेऊन तोंड पाहावे. टाळूला चिकटलेला सुकलेला कफ, जिभेवरचा थर, खाटेशेजारच्या खणात पडून राहिलेली कवळी या गोष्टी दिसल्या, तर उपचार तिथूनच सुरू होतो. कारण अस्वच्छ तोंडातील जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले की न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो, मग रुग्ण राईल्स ट्यूबवर, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या अन्ननळीवर नव्हे तर अन्न देण्याच्या नळीवर, असला तरीही. नळीने अन्न देतो म्हणून तोंड धुण्याची गरज नाही, हा समज आजही सर्रास आढळतो आणि तो पहिल्याच दिवशी दूर करायला हवा.

रुग्ण पूर्ण जागा असेल आणि ताठ बसू शकत असेल, तरच चमच्याने थोडे पाणी देऊन पाहावे, गळ्यावर बोटे ठेवून कंठ वर सरकतो का ते जाणावे आणि प्रत्येक घोटानंतर त्याला ‘आ’ म्हणायला लावून आवाज ओला, घरघरता होतो का ते ऐकावे. मात्र काही रुग्णांमध्ये पाणी श्वासनलिकेत जाऊनही ठसका मुळीच येत नाही. खाटेजवळच्या तपासणीत ही गोष्ट निश्चित कळत नाही. शंका असेल तर डॉक्टरांशी बोलून दुर्बिणीची किंवा व्हिडिओ एक्स-रेची तपासणी सुचवावी, आणि ती सोय आपल्याकडे नसेल तर जेथे आहे तेथे रुग्णाला पाठवण्याचा आग्रह धरावा.

आहाराचा प्रश्न इथल्या स्वयंपाकघराशी बांधलेला आहे. अन्नाचा मऊपणा आणि द्रवाचा दाटपणा यांसाठी आज आयडीडीएसआय ही 0 ते 7 पातळ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरली जाते, पण तिच्यातील नमुने आपल्या ताटातले नाहीत. पांढरा रस्सा, ताक आणि चहा हे पातळ द्रव आहेत, तर मिसळीत पातळ कट आणि कुरकुरीत फरसाण एकाच घासात येत असल्याने गिळण्यास अडचण असलेल्या माणसासाठी ती फार जोखमीची ठरते. दुधात कुस्करलेली भाकरी मऊ म्हणून हौसेने भरवली जाते, तिथेही दूध आधी घशात उतरते आणि भाकरीचा लगदा तोंडात मागे राहतो. मोकळ्या शितांच्या भातापेक्षा एकजीव घोटलेला, पाणी न सुटलेला गुरगुट्या भात किंवा मुगाची मऊ खिचडी बहुधा बरी.

द्रवाचा दाटपणा नजरेने न ठरवता मोजावा. 10 मिलीची, 0 ते 10 या खुणांमधील लांबी 61.5 मिमी असलेली सिरिंज घ्यावी, टोक बोटाने बंद करून 10 मिली द्रव भरावा आणि बोट काढून 10 सेकंदांनी किती उरला ते पाहावे: 1 मिलीपेक्षा कमी उरल्यास पातळी 0, 1 ते 4 मिली उरल्यास पातळी 1, 4 ते 8 मिली उरल्यास पातळी 2. नाचणीची आंबील गरम असताना एका पातळीची आणि निवल्यावर दुसऱ्या पातळीची निघते, म्हणून जशी द्यायची त्याच तापमानाला मोजावी. शिवाय लाळेतील अमायलेज स्टार्च फोडते. तोंडात जाऊन आलेला चमचा पुन्हा वाटीत बुडत राहिला तर दाट आंबील जेवण संपेपर्यंत पातळ होऊ शकते. अशा रुग्णासाठी लहान लहान वाट्यांत थोडे थोडे वाढावे, किंवा द्रव दाट करणारी झँथन गमची पावडर वापरावी, तिच्यावर लाळेचा असा परिणाम होत नाही.

हे सर्व मावशींना शिकवताना पातळ्यांचे आकडे सांगून उपयोग होत नाही. त्यांच्यासमोर एकदा स्वतः भरवावे, मग त्यांना भरवू द्यावे आणि आपण शेजारी उभे राहावे. खाटेवर मोठ्या अक्षरांत मोजकेच लिहावे: ताठ बसवा, अर्धा चमचा द्या, गिळल्याची खात्री करा, मगच पुढचा घास, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. भेटीला येणारे अंबाबाईचा प्रसाद आणि तीर्थ प्रेमाने घेऊन येतात, त्यांना नकार देऊन दुखावण्यापेक्षा तीर्थ ओठांना लावायला सांगावे. गोळ्या कुटून देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण विशेष आवरणाच्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडणे धोक्याचे असते.

वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवण्याच्या, तपासणीत इथली बोली समजून घेणे अनिवार्य आहे. कोल्हापूरकडची बाई ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे सहज म्हणते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने ती लिंगाची चूक म्हणून नोंदवली तर अहवालच चुकीचा होतो. ‘आजारापूर्वी ह्या असंच बोलायच्या का?’ हा प्रश्न घरच्यांना प्रत्येक वेळी विचारावा, आणि निपाणी-चंदगडकडच्या रुग्णाची घरातली भाषा कन्नड आहे का तेही. एक शब्द न फुटणारा रुग्ण कधीकधी आरती, अंक किंवा वार सलग म्हणतो. ‘ज्योतिबाच्या नावानं’ म्हणून आपण थांबावे. ‘चांगभलं’ हा प्रतिसाद आला, तर तिथून काम पुढे नेता येते. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी पाणी, दुखतंय, कूस बदला, संडास, घरी फोन लावा अशा चित्रांचा तक्ता हाताच्या अंतरावर ठेवावा आणि चष्मा व श्रवणयंत्र चढवलेले आहे याची खात्री करावी. ट्रॅकिऑस्टॉमीच्या नळीला बोलण्याचा व्हॉल्व्ह लावण्यापूर्वी नळीभोवतीच्या फुग्यातील (कफमधील) हवा पूर्ण काढलेलीच असली पाहिजे, अन्यथा रुग्णाला श्वास सोडता येत नाही. हे काम डॉक्टरांच्या संमतीने आणि स्राव ओढून काढणारे सक्शन यंत्र तयार ठेवूनच करावे.

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात अन्न देण्यासाठी पोटातून नळी घालावी का, हा प्रश्न घरचे लोक विचारतात. त्या अवस्थेत नळीमुळे आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे दिसून आलेले नाही, हे त्यांना स्पष्ट आणि हळुवारपणे सांगावे. रुग्णाला आवडीचे, झेपेल तेवढे, काळजीपूर्वक तोंडानेच देत राहणे हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. ही बैठक डॉक्टर आणि सिस्टर यांच्या उपस्थितीत घ्यावी, कोण हजर होते, कोणती जोखीम समजावली आणि काय ठरले हे त्याच दिवशी फाईलमध्ये लिहावे, आणि रुग्णाची प्रकृती बदलली की पुन्हा बसावे.