मारामारी झाली? आधी झाडू आणि पाण्याची बादली बाजूला ठेवा

मी वकील नाय, पोलीस तर नायच नाय. गोव्यात डिचोलीकडे राहतो, दोनदा पंच म्हणून, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याचा साक्षीदार म्हणून सही केलीय आणि एकदा घरच्याच भानगडीत अख्खा दिवस पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून काढलाय, त्यातनं जे कळलं ते लिहितोय.

घरचं प्रकरण असं, कुंपणावर कललेल्या माडावरून धाकट्या भावाचं आणि शेजाऱ्याचं वाजलं आणि शेजाऱ्याने दांडा घातला भावाच्या डोक्यात. संध्याकाळचे सहा वाजलेले. मी 112 ला फोन लावून भावाला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो आणि इकडे आईने "दिवा लावायच्या वेळेला दारात रक्त नको" म्हणून सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, दोन बादल्या पाणी मारलं, भावाचा शर्ट साबणात भिजत घातला आणि तो दांडा, होय तोच, धुवून विहिरीकडे टेकवून ठेवला. पीएसआय म्हणजे फौजदार आले, ओल्या सोप्याकडे बघितलं, कायएक बोलले नाहीत, फक्त पंचनाम्यात लिहिलं की जागा पाण्याने धुतलेली आढळली. ते एक वाक्य आम्हाला लय महागात पडलं.

तर पहिली गोष्ट, जखमी माणसाला हलवा, बाकी काही हलवू नका. तुटलेली चप्पल, बटण, काचेचा तुकडा, सगळं आहे तिथेच राहू दे, आणि पाऊस येत असेल तर वरून पातेलं नाहीतर घमेलं पालथं घाला पण हात लावू नका. मोबाईलवर फोटो काढा, आधी लांबून म्हणजे घर, कुंपण, रस्ता कळेल असा आणि मग जवळून. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात कोंबायचे नाहीत, ओलं रक्त प्लास्टिकात कुजतं आणि मग लॅबला त्यात काय मिळणार, सावलीत वाळू द्या आणि कागदात गुंडाळून पोलिसांच्या हातात द्या.

दुसरं, डॉक्टरला खरं सांगा. आमच्याकडे भांडणाची लाज वाटते म्हणून "न्हाणीत पडलो" सांगायची सवय आहे, आणि केसपेपरवर एकदा ते लिहिलं गेलं की समोरचा वकील कोर्टात तोच कागद फडकवतो. कोणी मारलं, कशाने मारलं, किती वाजता, एवढं सांगून मेडिको लीगल, म्हणजे पोलीस केस, म्हणून नोंद करायला सांगा. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवलं तर जा, कंटाळा करू नका, कारण एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसलं की सगळं प्रकरणच बदलतं.

कसं बदलतं ते सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, 323 आणि 325 हे जुन्या दंड संहितेतले आकडे त्याआधीच्या घटनांना. नुसता मारायला हात उगारला आणि समोरच्याला आता मारतोय असं वाटलं तर तोही कलम 130 खाली हमलाच, स्पर्श व्हायलाच पाहिजे असं नाही, मात्र नुसत्या तोंडच्या शिव्या म्हणजे हमला नव्हे. साधी दुखापत कलम 115 मध्ये, एक वर्षापर्यंत शिक्षा, पण हा अदखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस एनसी लिहून घेतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. लोक इथेच चिडतात की पोलीस काही करत नाहीत म्हणून, पण त्यांचे हात कायद्यानेच बांधलेले असतात. हाड किंवा दात मोडला, सांधा निखळला, किंवा 15 दिवस माणूस तीव्र वेदनेत राहिला किंवा रोजची कामं करू शकला नाही, तर ती गंभीर दुखापत, कलम 117, सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि थेट एफआयआर. म्हणून हलणारा दात घरी उपटून कचऱ्यात टाकू नका राव! कोयता, सुरी असली तर 118 लागतं, तिथे साध्या जखमेलाही तीन वर्षांपर्यंत आहे.

आणि हो, गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो म्हणून मारामारीचं वेगळं असतं असं कोणीतरी कट्ट्यावर सांगेलच, ते लग्न, वारसा, मालमत्तेपुरतं, फौजदारी कायदा सगळीकडे एकच.

एफआयआर कुठल्याही स्टेशनात देता येतो, म्हापशात मार खाल्ला आणि घर डिचोलीत तरी चालतं, झिरो नंबरने घेऊन तिकडे पाठवतात. टाईप झालेला मजकूर पुष्कळदा इंग्लिशमध्ये असतो, तेव्हा मराठीत नाहीतर कोंकणीत वाचून दाखवा म्हणा, मगच सही. कॉपी फुकट मिळते. घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने एसपींना, त्यावरही काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. एक कळकळीचं सांगतो, रागाच्या भरात मारणाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईपासून कॉलेजातल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं घालू नका, दोघांनी मारलं असेल तर दोघंच लिहा, खोटी चार नावं खऱ्या दोघांना सोडवतात.

आता पंचनामा. पोलीस दोन पंच घेतात, जागेच्या चारी बाजूला काय आहे ते लिहितात, टेपने माप घेऊन कच्चा नकाशा काढतात. सुकलेलं रक्त खरवडून किंवा ओल्या कापसावर टिपून घेतात, आणि बाजूची स्वच्छ मातीही वेगळी घेतात, तुलनेसाठी, हे मला आधी माहीतच नव्हतं, मला वाटलं उगाच माती कशाला भरतायत. मग पाकीट, लाखेचं सील, पंचांच्या सहीची चिठ्ठी, आणि तिथून वेर्ण्याच्या फॉरेन्सिक लॅबला. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिकवाल्यांनीच जागेवर यावं असं नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपासाच्या नव्या कायद्यात आहे, आणि झडती, जप्तीचं व्हिडिओ शूटिंगही करायचं असतं.

पंच म्हणून बोलावलं तर सगळेच पळतात, मीही पळणार होतो. गेलात तर कोऱ्या कागदावर सही करू नका आणि जे डोळ्यांनी बघितलं नाही ते लिहू देऊ नका. वेळ खरी घाला. पहिल्या वेळी मी घड्याळ न बघताच सही केलेली, चार वर्षांनी साक्षीला उभा राहिलो तेव्हा वकिलाने तेवढंच धरलं आणि मी घामाघूम.

सीसीटीव्हीचं लगेच बघा, दुकानातली मशीन काही दिवसांत जुनं रेकॉर्डिंग पुसून टाकते, म्हणून पोलिसांना लेखी द्या की अमुक कॅमेरा आहे, आणि मशीनवरचं घड्याळ पुढेमागे असेल तर तेही लिहा. मोबाईलवर व्हिडिओ असेल तर ज्या फोनने काढला त्यातनं डिलीट करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली कॉपी आणि ओरिजिनल यात फरक पडतो, कोर्टात त्यासोबत प्रमाणपत्रही लागतं. 90 दिवसांत तपास कुठवर आला ते पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं, नाही कळवलं तर जाऊन विचारा.

आमचं शेवटी मिटलं. 115 मध्ये मार खाल्लेला माणूस स्वतः मिटवू शकतो, 117 असतं तर कोर्टाची परवानगी लागली असती. माड अजून तसाच कललेला आहे, फक्त आता त्याचे नारळ कोणीच काढत नाही.