डोंगरातल्या सहलीत जलरंगांचा पहिला वर्ग कसा करावा

थंड हवेच्या ठिकाणी सहलीला जाताना नवशिक्यांसाठीचा जलरंगांचा वर्ग करायचा असेल, तर त्याचा दिवस आधीच ठरवून ठेवावा. पहिला दिवस प्रवासाच्या शिणात जातो आणि शेवटच्या दिवशी केलेले चित्र ओलसर असतानाच सामानात कोंबावे लागते. म्हणून मधला एखादा दिवस निवडावा. सकाळची वेळ घ्यावी, कारण पुष्कळ डोंगराळ भागांत दुपारनंतर ढग दाटून येतात आणि समोरची रांग पाहता पाहता नाहीशी होते.

नाव नोंदवताना साहित्य वर्गात मिळते का, तुकडीत किती जण असतात आणि बसायचे छताखाली की उघड्यावर, हे विचारावे. मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की शिक्षक थेट चित्र उतरवून घेतात की आधी कोऱ्या कागदावर नुसता पाण्याचा आणि वॉशचा, म्हणजे पाण्यात पातळ केलेला रंग कागदावर पसरवण्याचा, सराव करून घेतात. माझ्या मते दुसऱ्या प्रकारचा वर्गच निवडावा, कारण जलरंगात हाताला वळण लागते ते रेषेचे नव्हे, पाण्याच्या अंदाजाचे.

साहित्य स्वतःचे नेणार असाल, तर कागदावर काटकसर करू नये. ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), शक्यतो सुती कागद घ्यावा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. रंग पाच-सहा पुरेत. ८ किंवा १० क्रमांकाचा गोल ब्रश, आकाशासाठी एक रुंद ब्रश, जुने सुती फडके आणि पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुण्यासाठी व दुसरे स्वच्छ पाण्याचे, एवढ्यावर वर्ग नीट पार पडतो.

सुरुवातीला कागद चारही कडांनी मास्किंग टेपने फळीवर चिकटवावा आणि फळीला किंचित उतार द्यावा. उघड्यावर असाल तर सावलीत बसावे. उन्हात पांढरा कागद इतका झळाळतो की गडद-फिकट यांचा अंदाज चुकतो. पेन्सिलीने डोंगरांच्या फक्त कडा हलक्या हाताने आखाव्यात.

आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने भिजवून डोळे कागदाच्या पातळीवर आणावेत. पाण्याचे तळे चमकताना दिसले तर थांबावे. ते मुरून कागदावर रेशमासारखी मंद चकाकी उरली, की लगेच रंग सोडावा. तो सुकल्यावर फिका पडतो, म्हणून वाटतो त्यापेक्षा थोडा गडद घ्यावा. चकाकी गेल्यानंतर मात्र तिथे ओला ब्रश फिरवू नये. नवे पाणी अर्धवट सुकलेला रंग पुढे ढकलते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कड उमटते. बर्फाची शिखरे असतील, तर तो भाग भिजवूच नये. तिथे कोरा कागद हाच पांढरा रंग.

आकाश पूर्ण सुकले, की सर्वांत दूरच्या रांगेपासून पुढे यावे. दूरचे डोंगर फिकट निळे दिसतात, कारण मधल्या हवेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि तो आपल्या नजरेपर्यंत पोचतो. अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात कणभर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग आणि भरपूर पाणी मिसळून पहिली रांग काढावी. प्रत्येक जवळच्या रांगेसाठी पाणी कमी आणि रंग जास्त करीत यावे. प्रत्येक रांगेनंतर बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच लावावी. कागद गार लागला, तर तो आतून अजून ओला आहे.

हे थांबणे किती वेळाचे, ते हवा ठरवते. उंचावरच्या कोरड्या उन्हात वॉश पाहता पाहता सुकतो, तेव्हा कागदाचा लहानच भाग भिजवावा. धुके उतरले की तोच वॉश बराच वेळ ओला राहतो. अशा वेळी घाई न करता दुसऱ्या कागदावर रंगांच्या छटा करून पाहाव्यात, कारण पुढच्या रांगेची नेमकी छटा या मोकळ्या वेळातच सापडते.

चित्र सुकल्यावर टेप कागदाशी तिरका धरून सावकाश काढावा आणि दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून चित्र बॅगेत सपाट ठेवावे. मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि हवा लिहून ठेवावी. मुक्कामी परतल्यावर पॅलेट रात्रभर उघडे ठेवावे. डोंगरातल्या दमट हवेत ओल्या रंगाच्या वड्या बंद राहिल्या, तर त्यांना बुरशी धरते.