सरांच्या कपाटाला हात लावण्याआधी: या चुका टाळा

"मॅडम, सरांची कागदपत्रं आम्ही छान लावून ठेवलीत, तुम्ही फक्त एकदा नजर टाका." असा फोन आला की, जुने कागद जपण्याचं काम करणाऱ्या माझ्या पोटात गोळा येतो. सांगली-मिरज भागात कॉमर्स आणि मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्था आता पन्नाशी-साठीला आल्या आहेत. ज्यांनी त्या उभ्या केल्या ते प्राध्यापक-संचालक एकेक करून जात आहेत. मागे राहतात स्टीलची कपाटं, ट्रंका आणि माळ्यावरची खोकी. हे कागद जपावेत असं निदान कुणाला तरी वाटतं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वाळवीने केलं नसेल इतकं नुकसान दोन दिवसांच्या उत्साहाने झालेलं मी पाहिलं आहे, आणि तेही पुन्हा पुन्हा, त्याच पद्धतीने.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कागद आल्या आल्या वर्षवार लावायला घेणं.

एका संस्थेत मला बोलावलं होतं. सर आधी कॉमर्स शिकवायचे, पुढे बरीच वर्षं तिथेच संचालक होते. तीन कपाटं आणि एक लाकडी पेटी भरून कागद. संस्थेचा वर्धापन दिन जवळ आलेला, स्मरणिका काढायची घाई. दिवाळीच्या सुट्टीत दोन तरुण प्राध्यापक आणि आठ विद्यार्थ्यांनी मिळून सगळं दोन दिवसांत 'लावलं'. टाचण्या काढल्या, नाड्या-सुतळ्या कापल्या, वर्षाप्रमाणे गठ्ठे करून रंगीत लेबलांच्या बॉक्स फाईलमध्ये भरले. मी तिसऱ्या दिवशी पोचले. टेबल आरशासारखं लखलखीत. शेवटच्या फाईलवर लेबल होतं: 'किरकोळ'.

त्या फाईलमध्ये चाळीसेक चिठ्ठ्या होत्या. ना तारीख, ना सही. त्यातली एक अर्ध्या फुलस्केपवर, निळ्या शाईत: "पावणेनऊची तासगाव गाडी गेली की मुलं स्टँडवर राहतात. तास साडेसहाला सुरू करू. फी तीच." आता त्या संस्थेचं इतिवृत्त काढून पाहा. तिथे एवढंच आहे: 'संध्याकाळच्या तुकडीची वेळ बदलण्यास मंजुरी.' संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला या ओळीतून काय कळणार? संध्याकाळी कोण शिकायला येत होतं, कुठून येत होतं, संचालकाचं लक्ष कशाकडे होतं, हे सगळं त्या चिठ्ठीत होतं. पण ती कुठल्या कागदाला टाचलेली होती हे सांगणारी टाचणीच कचऱ्यात गेली होती.

चिठ्ठी खिडकीपाशी उजेडात धरली. डाव्या कोपऱ्यात गंजाचे दोन ठिपके होते, एक गडद, एक फिकट, किंचित तिरके. मग आम्ही इतिवृत्तांचे कच्चे मसुदे एकेक करून तसेच उजेडात धरले. तेच दोन ठिपके, तेवढंच अंतर, तोच तिरकेपणा एका मसुद्यावर सापडला. त्याच ठिपक्यांचं एक तिसरं पानही निघालं, एस.टी.चं वेळापत्रक उतरवून घेतलेलं. असे चार रविवार बसून चाळीसपैकी अकरा चिठ्ठ्या आपापल्या घरी पोचवल्या. बाकीच्या अजून तशाच आहेत.

अशा माणसाच्या बाबतीत वर्षवार मांडणी का चालत नाही, तेही सांगते. हे सर एकाच टेबलावर दोन कामं करत होते, शिकवण्याचं आणि संस्था चालवण्याचं. त्यांचा गठ्ठा एका प्रश्नाचा असायचा, एका वर्षाचा नव्हे. हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, त्यांनी वर्गासाठी केस स्टडी लिहायला घेतली होती. त्या एका गठ्ठ्यात अडत्यांशी झालेल्या बोलण्याची टिपणं होती, पेवाच्या खड्ड्याची हाताने काढलेली आकृती होती, पेवातली हळद तारण धरण्याबद्दल बँकेला लिहिलेलं पत्र होतं आणि मुलांनी वर्गात दिलेली उत्तरंही होती. वर्षवार लावताना हा गठ्ठा चार फाईलींत फाटला. त्यात शैक्षणिक वर्ष जूनपासून, हिशेबाचं एप्रिलपासून, त्यामुळे एप्रिलमधलं बिल एका फाईलीत आणि त्याचं पत्र दुसऱ्या फाईलीत.

आपल्याकडे एमबीएच्या पहिल्या वर्षाला हॉथॉर्नचे प्रयोग शिकवतात, कामगारांच्या कामावर कशाकशाचा परिणाम होतो हे पाहणारे. अमेरिकेतल्या त्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांची मूळ कागदपत्रं आणि त्या प्रयोगांशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या प्राध्यापक एल्टन मेयो यांचे कागद हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या बेकर ग्रंथालयात आहेत. कामगारांच्या मुलाखतींच्या नोंदी, रोजच्या निरीक्षणाच्या नोंदी, सगळं टिकलं म्हणून पुढच्या संशोधकांना ते निष्कर्ष पुन्हा तपासता आले. कच्चा कागद उरला नसता तर पाठ्यपुस्तकातला परिच्छेद तेवढा उरला असता. आपल्या सरांची हळदीची टिपणं आपल्यासाठी तशीच आहेत.

माझी पद्धत साधी आहे. कपाट उघडायचं आणि कशालाही हात न लावता प्रत्येक कप्प्याचा फोटो काढायचा. मग वरून खाली, डावीकडून उजवीकडे, गठ्ठ्यांना क्रमांक द्यायचे, तेही पेन्सिलीने आणि वेगळ्या चिठ्ठीवर. मूळ कागदावर बॉलपेन टेकवायचं नाही. गंजलेली टाचणी काढावीच लागते, पण एका वेळी एकच. ती निघाली की तेवढे कागद दुमडलेल्या कोऱ्या पानात एकत्र ठेवायचे आणि वर लिहायचं: 'हे तीन कागद एकत्र टाचलेले होते.' एका कपाटाला पंधरा दिवस लागतात. ज्यांना दोन दिवसांत उरकायचं आहे त्यांनी कपाटाला कुलूप घालावं आणि किल्ली सांभाळावी. बंद कपाट घाईने लावलेल्या कपाटापेक्षा शंभर पटीने बरं.

दुसरी चूक सांगलीकरांना वेगळी सांगायची गरज पडू नये, तरी पडते: कागद तळमजल्यावर आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवणं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ चा पूर पाहिलेल्या लोकांनीही '२००५ ला पाणी इथवर आलं होतं' असं म्हणत त्या खुणेच्या जरा वर सामान ठेवलं होतं.

त्या पुरानंतर एका घरी गेले. वडील मॅनेजमेंटचे प्राध्यापक, काही वर्षं विभागप्रमुख. पाणी ओसरलं, ऊन पडलं, तशी घरातल्या मंडळींनी सगळे कागद गच्चीवर पसरले, वर विटा ठेवल्या. रडत रडत केलं हो त्यांनी ते, त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण उन्हात वाळलेला कागद पापडासारखा वाकतो आणि दुमडल्या जागी तुटतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली माहितीपत्रकं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. त्यांतलं एक पान सुरीने सोडवू पाहिलं तर छपाई शेजारच्या पानावर गेली. शाईच्या पेनने लिहिलेली व्याख्यानं निळ्या डागांत वाहून गेली होती. कार्बन कॉप्या मात्र चिखलातूनही वाचता येत होत्या. ज्याला लोक 'कॉपीच आहे' म्हणून पहिल्यांदा टाकून देतात, तीच टिकली.

ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्या वेळात वाळवून होणार नसेल तर गोठवा. आपल्याकडे चटकन बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आठवतं, पण तिथलं तापमान शून्याच्या वर असतं. तिथे बुरशी मंदावते, थांबत नाही. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर उपयोगी पडतो, उणे अठराच्या आसपासचा. गठ्ठे न सोडवता, चिखल चोळून न काढता, प्लास्टिकच्या पिशवीत थोडे थोडे ठेवायचे. मग सवडीने एकेक पिशवी काढायची, पानांमध्ये टीपकागद घालायचा, पंखा लावायचा पण झोत थेट कागदावर नको, आणि टीपकागद ओला झाला की बदलायचा. मी साधा कोरा न्यूजप्रिंट वापरते. छापलेलं वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते.

आता बाकीच्या चुका.

सेलोटेप लावू नका. दहा वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा पिवळा चिकट पट्टा कायमचा राहतो. फाटलेला कागद दोन कोऱ्या पानांमध्ये ठेवा, तेवढं पुरे.

लॅमिनेशन करू नका. नियुक्तीचं पहिलं पत्र 'टिकावं म्हणून' लॅमिनेट केलेलं आणून दाखवतात, तेव्हा काय बोलावं सुचत नाही. ते परत सोडवता येत नाही.

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नका. गंजाचे ते दोन ठिपके मोबाईलच्या फोटोत मला कधीच दिसले नसते.

पत्त्यावर 'दक्षिण सातारा' दिसलं की कागद साताऱ्याच्या गठ्ठ्यात ढकलू नका. १९४९ साली साताऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. तसंच संलग्नतेचं. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, १९४९ पासून तोवरचा इथल्या कॉलेजांचा पत्रव्यवहार पुणे विद्यापीठाशी असणार. ही पत्रं 'बाहेरगावची' म्हणून बाजूला पडलेली मी पाहिली आहेत.

तारीख नसलेल्या पत्रावर अंदाजाने साल टाकू नका. पाकीट जपा. पत्त्यात पिन कोड असेल तर पत्र ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं. मजकुरात आण्यांचा हिशेब असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या एप्रिलपासून नवे पैसे आले. एवढा आधार असेल तेव्हा चौकटी कंसात, पेन्सिलीने, 'बहुधा' लिहून नोंद करा.

फ्लॉपीतली मराठी फाईल उघडली आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, की 'करप्ट आहे' म्हणून फेकू नका. ती बहुतेक वेळा श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असते. युनिकोडच्या आधी आपण सगळे तसंच करत होतो. फॉन्ट ओळखला की मजकूर रूपांतरित करता येतो.

मुलांचे गुण, निवड समितीचे शेरे, सहकाऱ्यांचे गोपनीय अहवाल स्मरणिकेत छापू नका आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच फिरवू नका. ती माणसं याच गावात राहतात. असे कागद मी वेगळ्या पाकिटात घालून बंद करते आणि मूळ जागी पाकिटाचा क्रमांक ठेवते. सरांना आलेल्या पत्रांचंही लक्षात असू द्या. कागद सरांच्या घरचा झाला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा.

डांबराच्या गोळ्या कागदात थेट टाकू नका. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, दर महिन्याला उघडून पाहा, कसर आणि वाळवी दोन्ही लवकर कळतात.

आणि एक चूक मी स्वतः केली, त्या तीन कपाटांच्या वेळी. प्राध्यापकांना विचारलं, घरच्यांना विचारलं, पण ज्यांनी ते गठ्ठे तीस वर्षं बांधले-सोडले त्या शिपाईमामांना विचारलं नाही. ते निवृत्त होऊन बुधगावला राहत होते. चौथ्या रविवारनंतर त्यांच्याकडे गेले. चहा झाला, मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. मामा म्हणाले, "त्यात काय अवघड हाय बाई? लाल नाडी बांधली म्हंजे सर पुन्यांदा मागनार. सुतळी बांधली म्हंजे काम मिटलं. आन् दोन गाठी मारल्या म्हंजे त्ये मीटिंगला न्यायचं. नाड्या बगा की, समदं कळंल."

नाड्या दिवाळीच्या सुट्टीतच झाडून टाकल्या होत्या.