शिकारीचा टॉर्च लांब मारायला हवा असेल तर फोकसवर वेळ घाला

शिकारीसाठी टॉर्च बनवायचा म्हटलं की पहिला सल्ला येतो तो जास्त लुमेनचा एलईडी टाका म्हणून, आणि तो साफ चुकीचा आहे. लुमेन म्हणजे एकूण प्रकाश, तो सगळीकडे सांडला तर पायापुढचं गवत झगझगतं आणि लांबचं काही दिसत नाही. बघायचे ते कॅन्डेला, म्हणजे एका दिशेने जाणारा प्रकाश किती तीव्र आहे ते. पल्ला दुप्पट हवा असेल तर कॅन्डेला चौपट लागतात, थोडासा करंट वाढवून काही होत नाही. मोठा चार चिपवाला एलईडी काढा आणि वरचा घुमट नसलेला, १ चौरस मिलिमीटरचा छोटा एलईडी खोल आणि रुंद रिफ्लेक्टरखाली बसवा. लुमेन घटतील, पल्ला वाढेल.

एलईडी तांब्याच्या बोर्डवरचाच घ्या, खाली थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, वायरी सोल्डर करा. एवढंच.

आता फोकस. इथे मी बरेच दिवस अडकलो होतो. पहिला टॉर्च बनवला तेव्हा खोलीतल्या भिंतीवर मारून बघितला, मस्त गोल ठिपका, खूश झालो. रात्री रानात लांबच्या झाडावर मारला तर प्रकाशाचं कडं दिसतंय आणि मधे काळोख, म्हणजे जिथे जनावर बघायचं नेमकं तिथेच उजेड नाही. एलईडी रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूपासून जरासा खालीवर असला तरी हे होतं, आणि जरासा म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. जवळच्या भिंतीवर ते कळतच नाही, म्हणून निदान दहा मीटर लांबच्या भिंतीवरच तपासा.

मी आता असं करतो, टॉर्च सगळ्यात लो मोडवर ठेवायचा, रिफ्लेक्टर हातात सुटा धरून एलईडीवर हळूहळू वरखाली करायचा, ठिपका सगळ्यात लहान आणि प्रखर झाला की थांबायचं आणि मधे किती फट राहिली ते बघून तेवढ्या जाडीची प्लास्टिकची सेंटरिंग रिंग घालायची. नेमकी जाडी मिळत नाही, मग ०.२ मिलिमीटरचे वॉशर एकेक करून वाढवायचे किंवा काढायचे. कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही, आणि जी कुठली रिंग मिळेल ती घाला म्हणणाऱ्यांनी कधी अंधारात लांबवर टॉर्च मारून बघितलेला नसतो.

हे करताना एलईडीच्या दोन्ही सोल्डरवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी टेप) लावलेली हवीच. रिफ्लेक्टर ॲल्युमिनियमचा असतो. एकदा मी घाईत टेप विसरलो, रिफ्लेक्टर सोल्डरला टेकला, स्विच दाबला तर लाईट नाही आणि काही सेकंदात बॅटरीची नळी हाताला चटका देण्याइतकी तापली. सेल पटकन बाहेर काढला म्हणून वाचलो. तेव्हापासून सेल घालण्याआधी मल्टीमीटरने शॉर्ट तपासल्याशिवाय मी स्विचला हात लावत नाही. १८६५० हा लिथियम सेलसुद्धा प्रोटेक्शनवालाच, म्हणजे शॉर्ट झाला की आपोआप बंद होणारा वापरा, जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला नको.

लाल लाईट हवी असेल, कारण बहुतेक सस्तन जनावरांना लाल रंग फार कमी दिसतो, तर पांढऱ्या फोकसपुढे लाल काच लावू नका, बराचसा प्रकाश काचेतच मरतो. लाल एलईडीच बसवा. फक्त त्याला साधारण २ व्होल्टच लागतात आणि भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, तेव्हा साधा लिनिअर ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) ठेवला तर जवळजवळ अर्धी पॉवर ड्रायव्हरमध्ये उष्णता होऊन जाते. व्होल्टेज उतरवून देणारा बक ड्रायव्हर टाका. आणि रात्री लाईट लावून शिकार करायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, तुमच्याकडचा नियम आधी बघा.

सगळं जोडून पुढची रिंग घट्ट आवळल्यावर फोकस परत लांबवर मारून बघा, कारण आवळताना ओ-रिंग (रबराची कडी) दबते आणि रिफ्लेक्टर खाली सरकतो. मधे पुन्हा काळोख दिसला तर उघडा आणि एक वॉशर वाढवा.