वाइनचा फ्रिज: आकडा खाली करण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात आमचा वाइनचा फ्रिज ‘बिघडला’. काचेवर तापमानाचा आकडा १२, पण बाटली हातात घेतली तर माठातलं पाणी बरं म्हणायची वेळ. मी आकडा १० केला, मग ८. फ्रिज रात्रंदिवस घरघरत राहिला, बाटली तशीच. शेवटी पाठीमागे हात घालायला गेलो तर हातच जाईना. सुताराने ओट्याखालचा खण मापात, अगदी लॅमिनेटला लॅमिनेट लावून केला होता. माप मीच दिलं होतं.

फ्रिज आतली उष्णता काढतो आणि बाहेर टाकतो. ती बाहेर पडायला वाट नसेल तर तो स्वतःच्याच गरम हवेत उकडत बसतो. काही फ्रिज ही हवा पाठीमागून सोडतात, ते मोकळ्या जागीच ठेवायचे. खणात बसवायचे असतात त्यांना पुढे तळाशी जाळी असते. ती पायपुसण्याने किंवा पट्टीने झाकायची नाही. त्यामुळे आधी फ्रिज ठरवा, मग सुताराला बोलवा. आम्ही उलटं केलं.

जागा मोकळी असूनही गारवा येत नसेल तर यंत्र कोणतं आहे ते बघा. स्वस्त, लहान, आवाज न करणाऱ्या फ्रिजमध्ये बहुधा कॉम्प्रेसर नसतो, पेल्टिए पद्धतीची चकती असते, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी. ती खोलीपेक्षा साधारण १०-१५ अंशच खाली जाते. नागपुरात दुपारी खोली ३८ अंशांवर असेल तर आत १२ कुठून येणार? मेकॅनिकला बोलावून उपयोग नाही, चकतीची मजलच तेवढी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसरवालाच घ्यावा, थोडी घरघर सोसावी.

आता आकड्याबद्दल. काचेवरचं तापमान बहुतेक वेळा आतल्या हवेचं असतं, वाइनचं नव्हे. दार उघडलं की हवा लगेच तापते, बाटली मात्र कित्येक तास घेते. म्हणून तासातासाला बटणं दाबू नका. मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि दुसऱ्या दिवशी वाचा. तोच खरा आकडा. नव्या बाटल्या भरल्यावरही एक दिवस थांबा.

किती ठेवायचं? साठवायला लाल असो की पांढरी, १२-१३ अंश पुरे. प्यायच्या वेळचं तापमान वेगळं: पांढरी ८-१२, स्पार्कलिंग (फसफसणारी) ६-८, लाल १६-१८. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातल्या गार घरांचा आहे, आपल्या मे महिन्यातल्या हॉलचा नव्हे. लाल बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवली की झालं.

आणि हो, जागा रिकामी दिसते म्हणून त्यात दूध ठेवू नका. १२ अंशांत ते नासतं. आमच्याकडे एकदा नासलं.

पावसाळ्यात काचेला बाहेरून दव आलं तर घाबरू नका. आत पाणी साचत असेल तर दाराचं रबर तपासा: दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे किंवा मळलंय. आधी कोमट पाण्याने पुसून बघा. बुचाची बाटली आडवी ठेवायची, कारण बूच ओलं राहायला हवं. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्या उभ्याही चालतात. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर बाटली फेकू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि निरुपद्रवी असतात.

वीज गेली तर दार बंदच ठेवा. भरलेला फ्रिज रिकाम्यापेक्षा जास्त वेळ गार राहतो. वीज आल्यावर मात्र आकडा एकदा बघाच. काही मॉडेल आपण लावलेलं विसरून कारखान्यातल्या आकड्यावर परत जातात. आमचं जातं, म्हणून दाराच्या कडेला ‘१३’ लिहून चिकटवलंय.